दादाच्या लॉगिनवर चालणारं दुकान

एका कॉम्प्युटरवर अर्ध्या तालुक्याचे फॉर्म भरले की किस्से आपोआप साचतात, पंख्याच्या पात्यावर धूळ साचते तसे. मूल गावातलं हे फॉर्म भरायचं दुकान दादाचं. दिवाळीनंतर तो वारला, आणि सातवीत शाळा सोडलेला मी त्याच्या खुर्चीवर बसलो.

ब्राउझरमध्ये दादानं एक एक्स्टेन्शन टाकलं होतं. गिऱ्हाइकांचे पासवर्ड त्यात, त्याचे स्वतःचेही त्यातच. ते दादाच्या लॉगिनवर उघडंच असायचं. त्याचा मुख्य पासवर्ड मला माहीत नव्हता. एकदा लॉगआउट झालं की दुकान बंद, आणि दादाचे मेल, फोटोही बंद.

*

पासवर्डांच्या त्या यादीत दादा गिऱ्हाइकांची खरी नावं लिहायचा नाही. ‘लाल गमछा’, ‘दोनदा फोन करणारा’. एका बाईंनी विचारलं, "माह्यं कोणतं हाये?"

मी वाचलं, "चहा न पिणारी बाई."

"मी तं पेते. तुह्या दादानं कधी इचारलंच नाई."

*

एका काकांना त्यांचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी परत सरकवली. "इथीच राहू दे. घरी बायको वाचते."

*

घुग्घुसच्या खाणीतल्या एकाचा मेल मी चुकून उघडाच ठेवला. पुढच्या पोरीचा फॉर्म त्याच मेलवरून गेला. आठ दिवसांनी त्याचा फोन.

"भाऊ, मले मुलींच्या वसतिगृहात नंबर लागला. सामान घेऊन कधी जाऊ?"

*

मंगेशभाऊ चंद्रपूरहून कॉम्प्युटर दुरुस्तीला येतात. त्यांनी सेटिंग उघडली. लॉगिन तीन ठिकाणी चालू होतं: दुकानात, घरी ठेवलेल्या दादाच्या फोनवर, आणि दादानं मागे विकलेल्या लॅपटॉपवर.

"त्या लॅपटॉपवाल्याले सगळ्यायचे पासवर्ड दिसत असन," ते म्हणाले. "सगळीकडून लॉगआउट करा लागते. पण आधी..."

मी बटण दाबलंसुद्धा.

"आधी मुख्य पासवर्ड शोध म्हणून राह्यलो होतो," ते म्हणाले.

गाडी काढून घरी गेलो. आई दादाचा फोन रोज चार्ज करते. तोही आता पासवर्ड मागत होता. "दादाचं सगळं गेलं," मी म्हटलं.

आईनं फोन घेतला, माझ्याकडे पाठ केली आणि एका बोटानं एकेक अक्षर दाबलं. यादी उघडली.

"आई, पासवर्ड काय हाये?"

फोन पदराखाली घेत ती म्हणाली, "कोणालेच सांगू नको म्हणला होता तो."