मावशीच्या मानेतली गाठ

मी पॅथॉलॉजिस्ट. सोलापुरात सर्जन कापतात आणि काय कापलं ते आम्ही सांगतो. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही. तरी सांगोल्याच्या मावशीच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाची बरणी माझ्या टेबलावर आली, तेव्हा झाकण उघडायला मला जरा वेळ लागला.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दोघी बहिणी पोरवयापासून दातांना तंबाखूची मिसरी लावायच्या. आमच्याकडे पाहुणी आली की चहाच्या आधी डबी पुढे सरकते, आणि नको म्हणणारी रुसली असं धरतात. आई तोंडाच्या कॅन्सरनंच गेली. तिच्या मानेतल्या गाठीचं कवच फोडून रोग बाहेर पसरला होता. आता मावशीच्या गालात जखम आणि जबड्याखाली तशीच गाठ.

त्यात बाईसाहेबांनी मला न कळवता त्या गाठीवर बिब्ब्याचा डाग घेतला. कातडी भाजली, आत पू झाला. मी भडकलेच. "मावशी, घरात डॉक्टर असताना?"

"तू कापायलाच लावली असतीस की!"

ते खरंच होतं. शेवटी कापावंच लागलं. ऑपरेशन आटोपून आलेला सर्जन नजर चुकवत म्हणाला, "गाठ स्नायूला घट्ट चिकटलीय. बहुतेक फुटली असणार." सर्जनला हाताला लागतं तेवढंच खरं वाटतं.

तोंडाचा कॅन्सर मानेत उतरला की माणसाचं पुढचं बरंचसं तिथंच ठरतं. गाठी किती, एका बाजूला की दोन्हीकडे, जबड्याखालीच की मानेच्या पार तळाशी, हे सगळं बघावं लागतं. पण मी आधी कवच बघते. रोग गाठीत कोंडलेला असेल तर आशेला जागा असते. कवच फोडून निघाला की तो कुठवर गेलाय ते सांगता येत नाही.

बरणीतल्या पिवळ्या चरबीत बोटं घालून मी एकेक गाठ शोधली. तांदळातला खडा लागावा तशी ती बोटांना लागते. मोठ्या गाठीला चिकटलेला स्नायूचा तुकडा तसाच ठेवला, तिच्या बारीक चकत्या केल्या आणि एकही सोडली नाही.

मग स्लाइड. रोग होता, त्या एकाच गाठीत, काठोकाठ. पण कवच सगळीकडून सलग होतं. बाहेर चिकटलं होतं ते बिब्ब्याचं भाजणं आणि पुवाचा व्रण. आपल्या माणसाची स्लाइड एकटीनं वाचू नये, म्हणून नाव झाकून सहकाऱ्याला दाखवली.

"कवच शाबूत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

वॉर्डात मावशीच्या नाकात नळी होती, गालावर टाके. तिच्या घरी डाळिंबाची बाग आहे, म्हणून तिच्याच भाषेत सांगितलं. "आतले दाणे किडले होते, पण साल तडकली नव्हती. फळ अख्खं बाहेर आलंय. पुढे किरणांचा शेक घ्यावा लागेल, तपासण्या चुकवायच्या नाहीत. पण आईसारखं झालेलं नाही."

"तडकली न्हाय नव्हं?" तिनं जड जिभेनं विचारलं.

"नाही."

तिनं डोळे मिटले. मग उशीखाली हात घालून मिसरीची डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. मी ती हिसकावली आणि हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या बादलीकडे निघाले.

"मिसरी टाक," ती मागून म्हणाली. "डबी नगं टाकू. तुज्या आईची हाय ती."

मी बेसिनशी उभी राहून डबी साबणानं घासत राहिले. मिसरी लगेच वाहून गेली. वास काही जाईना, आणि तो जावा असं मलाही वाटेना.