भोक पाडलेले तुकडे

तुम्ही हात मिळवायला गेलात की सुभेदार मनगट पुढे करायचे. बोटं कायम काळी. वर हसून सांगायचे, "काळं हाय, पर कोळसा न्हवं बरं का!" साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत निम्मे लोक त्यांना कोळसेवालेच समजत.

फौजेच्या वर्कशॉपमधून ते निवृत्त झाले, कडेगावकडचा ऊस भावावर सोपवला आणि माझ्या लेथच्या शेडला लागून त्यांनी कार्बन ब्रशचा कारखाना काढला. नावात ब्रश असला तरी त्याला केस नसतात. मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारा तो बोटाएवढा काळा तुकडा. इस्लामपूरकडच्या साखर कारखान्यांना तो सारखा लागायचा. कार्बनचे ठोकळे मात्र परदेशातून यायचे.

ते कापायला आणि भोकं पाडायला शेजारच्या गावच्या बायका होत्या. संध्याकाळी त्या नळावर तोंड धुवायला बसल्या की काळं पाणी रस्त्यापर्यंत यायचं. त्यातली शेवंता खोकायला लागली. सुभेदारांनी तोंडाला ओला फडका बांधायला लावला, पंखा आणला, तरी खोकला हटेना.

एक दिवस ते माझ्याकडे आले. "आपल्याच मानसांस्नी असं मारायचं व्हय? तिकडं इंग्रजीत कळवा, ठोकळं तितंच कापून, भोक पाडून धाडा. हितं निस्ती तार बसवायची."

मला ही युक्ती फारच आवडली. परदेशातून होकार आला तेव्हा त्यांनी सगळ्या शेडमध्ये कंदी पेढे वाटले. प्रत्येक पेढ्यावर त्यांच्या बोटांचे काळे ठसे होते. आम्ही तेवढा भाग खरवडून टाकला आणि पेढे खाल्ले.

माल मुंबईच्या बंदरात उतरला आणि कस्टमने अडवला. इंग्रजी बोलायला म्हणून मी सोबत गेलो. अधिकारी मराठीच निघाला, आणि सज्जन. उद्धट असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

"सुभेदार, अख्खा ठोकळा आला असता तर तो कच्चा माल," तो म्हणाला. "कापून भोक पाडलं की मोटरचा तयार भाग. त्याची ड्यूटी कितीतरी जास्त. वर तुमचं आयातीचं लायसन्स फक्त ठोकळ्यांचं."

"आन भोक हितं पाडलं असतं तर?"

"तर काहीच अडचण नव्हती."

"साहेब, भोक पाडताना भुकटी उडती. आमच्या बायकांच्या छातीत जाती ती."

अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. "खरं आहे हो. पण ते मी कुठं लिहू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही ठोकळेच मागवले होते आणि त्यांनी चुकून कापून पाठवले, असं झालंय का? तसं असेल तर बघतो काहीतरी."

मी टेबलाखालून सुभेदारांचा गुडघा दाबला.

"चुकून कशाला? मीच सांगितलं हुतं. त्यांनी काम चोख केलं, आन मी त्यांची चूक म्हनू?"

त्यांच्या तोंडाला टाके घालावेत असं मला वाटलं.  

पुढे अर्ज झाले, अपील झालं. तोवर गोदीचं भाडं मालापेक्षा वर गेलं. जुने ठोकळे संपले आणि सुभेदारांची शेड बंद पडली. बायका उसाच्या भांगलणीला, तण काढायला गेल्या. मी रोज तिथून जायचो, कुलूप बघायचो, आणि माझ्या हातून काही म्हणता काही होत नव्हतं.

कधीतरी मुंबईचा एक व्यापारी वसाहतीत हिंडत आला. गोदीत पडून राहिलेला, लिलावात घेतलेला माल होता त्याच्याकडे. तेव्हा सुभेदार माझ्याकडेच चहा पीत बसले होते. व्यापाऱ्याने पिशवीतून मूठभर काळे तुकडे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "या मापाचे कोणी वापरतं का इकडे? सगळीकडे फिरलो. कुणाच्याच मोटरला बसत नाहीत."

मी सुभेदारांकडे बघितलं. त्यांनी एक तुकडा उचलला, भोकातून उजेडाकडे बघितलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"झ्याक काम केलंय," ते म्हणाले.

"मग, घेणारं कोण आहे इथं?"

"हुतं एक," सुभेदार म्हणाले, आणि तुकडा त्यांनी हलकेच त्याच्या पिशवीत सोडला.