धाकटीचा पट्टा

धाकटीचं कौतुक कानावर पडलं की थोरलीच्या पोटात दुखायला लागायचं. दोघी सख्ख्या जावा. आमच्या कारखान्यात एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसायच्या, आणि मधे मी. त्यामुळे इकडची फुणफुण आणि तिकडचं हसू, दोन्ही माझ्याच कानात.

थोरली आयुष्यभर कंबरेचे, गुडघ्याचे पट्टे शिवत आली. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा तिनं याच मशीनवर घर ओढलं, धाकट्या दिराचं शिक्षण केलं, त्याचं लग्न लावलं. धाकटी घरात आली तेव्हा सुईत दोरा ओवतानाही बोटं टोचून घ्यायची. तिला थोरलीनंच हाताशी धरून तयार केलं. तोवर माया होती, खोटं कशाला बोलू?

मग अंतराळवीरांच्या तब्येतीवर नजर ठेवणारे सेन्सर बनवणाऱ्यांचं काम आलं. नाण्याएवढा सेन्सर. वर तिकडे माणसाला वजनच उरत नाही, रक्त डोक्याकडे चढतं, म्हणून हृदयाचा प्रत्येक ठोका खाली दिसायला हवा. सेन्सर छातीला धरून ठेवणारा पट्टा आम्ही शिवायचा. दोघींनी एकेक नमुना केला. वर एकच जाणार होता.

"चार टाके घालायला शिकली नाही तोच निघाली आभाळात," थोरली मला म्हणाली.

"अहो, शिकवलंत तुम्हीच ना?"

"तेच तर! स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला."

चाचणीत आपला पट्टा आपण घालायचा नाही, असा नियम होता. आपल्या शिलाईचं टोचणं माणूस गुपचूप सोसतो. आधी धाकटीनं थोरलीचा पट्टा घातला, धावली, उड्या मारल्या आणि म्हणाली, "छान आहे, पण वाकलं की जरा सरकतो." पडद्यावर उमटणारी ठोक्यांची रेघही तिथेच तुटली होती. तरी थोरलीचा तिळपापड झाला.

मग थोरलीची पाळी. ती धावली, वाकली, हात फिरवले. पट्टा जागचा हलला नाही. ते मला दिसत होतं, तिला तर अंगावरच कळत होतं. ती थांबून दम खाऊन झाल्यावर सेन्सरवाल्यांच्या इंजिनिअर बाईंनी विचारलं, "सरकतो का?"

थोरलीची मान लाल झाली. "सरकतो ना! टोचतोही. नुसता गरगर फिरतोय."

खोटं बोलायची सवय नाही बिचारीला. पडद्यावरचे ठोके घोड्यासारखे उधळले, आणि एकेक ठोका स्वच्छ उमटत गेला.

"नाही हो," इंजिनिअर बाई खूश होऊन म्हणाल्या. "पट्टा फिरत असता तर रेघ अशी आलीच नसती. ठोके इतके वाढले, तरी एक चुकला नाही. हाच पाठवू."

थोरलीनं मान खाली घातली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. धाकटी मात्र पडद्याकडे बघून पांढरीफटक पडली आणि पाणी घेऊन धावत आली.

"ताई, बसा आधी. उभ्या उभ्या एवढी धडधड? पट्टा गेला खड्ड्यात! आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला."

तिनं थोरलीला धरून बसवलं आणि घाईघाईत पेला पुढे केला. अर्धं पाणी थोरलीच्या मांडीवर सांडलं. थोरली उरलेलं घटाघटा प्यायली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बघितलंस? चांगुलपणातसुद्धा मला मागं टाकलं मेलीनं."

आणि हमसून हमसून रडायला लागली. तशी धाकटी आणखीच घाबरली आणि गाडी आणायला स्वतःच अनवाणी पळाली.