आठ्याबाईंचं हसू

आमच्या बालवाडीत छोट्या गटाला शिकवणाऱ्या बाईंच्या कपाळावर जन्मजात आठ्या आहेत. त्यांची आई सांगायची की पाळण्यातसुद्धा ही पोर सगळ्यांवर वैतागल्यासारखीच बघायची. आम्ही बाकीच्या शिक्षिका त्यांना पाठीमागे आठ्याबाई म्हणतो. स्वभाव मात्र इतका मऊ, की मुंगीलाही ‘जरा सरक गं’ म्हणतील.

मध्यंतरी एका आईने तक्रार केली, “आमचा छोटू म्हणतो, बाई रोज रागावतात.” झालं! मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं, “सोमवारी मी वर्गात येऊन बसते. मुलं घाबरत असतील, तर मंगळवारपासून तुम्ही ऑफिसात बसून फोन घ्या.”

पोरांशिवाय आठ्याबाईंना करमतच नाही. त्यांनी बेसिनवरच्या आरशात हसण्याचा सराव सुरू केला. ते हसू पाहून मला वाटलं दाढ दुखतेय, म्हणून मी लवंग आणून दिली.

सोमवारी मोठ्या बाई मधाळ हसत आल्या. मदतीला मीही होते. त्यांनी हसऱ्या, रडक्या आणि रागीट चेहऱ्यांची चित्रं मांडली आणि विचारलं, “सांगा बरं, आपल्या बाई आज कशा आहेत?”

सगळा वर्ग रागीट चित्रावर तुटून पडला. छोटूने तर ते उचलून बाईंच्या नाकासमोर धरलं. बाईंचा चेहरा पडला, पण आठ्यांमुळे तेही कुणाला कळलं नाही. मला अगदी रडू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात आमची टकळी उठली. वय वर्षं पाच, तोंडाला कुलूप नाही.

“चूक! ते बाईंचं कपाळ आहे. राग आला की बाई हळू बोलतात. आत्ता त्या घाबरल्यात.”

“कशावरून?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“सारख्या रुमाल पिळतायत. तुम्हाला घाबरल्यात.”

“मला? अगं, मी तर हसतेय!”

“तुम्ही नुसत्या तोंडाने हसता,” टकळी म्हणाली. “पोटात तुम्हाला राग आलाय. तुमचा पाय बघा.”

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मोठ्या बाईंची चप्पल फरशीवर ताडताड आपटत होती. त्यांनी पाय घाईघाईने खुर्चीखाली घेतला, चित्रं गोळा केली आणि दाराशी जाऊन म्हणाल्या, “वर्ग तुमच्याकडेच राहू दे. आणि या मुलीला माझ्या ऑफिसात पाठवू नका.”

दार लागलं आणि आठ्याबाई हसल्या. आरशातलं नव्हे, अगदी पोटातून. आठ्या भुवयांपर्यंत उतरल्या, नाक फुगलं, डोळे मिटले. ते रूप पाहून छोटूने भोकाड पसरलं, “बाई रागावलीऽऽ!”

टकळीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“अरे वेड्या, ते हसू आहे. नवीन आहे ना, अजून नीट येत नाही त्यांना.”