बोरिवलीचं महाबळेश्वर

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात नीलाने लग्नाला नकार दिला, तेव्हा साखरपुडा होऊन गेला होता आणि नंदकुमारने हनिमूनसाठी ऑफिसातून रजाही मंजूर करून घेतली होती. नवरी गेली, रजा राहिली. मुलुंडच्या सोसायटीत जिना चढताना बायका त्याच्याकडे घरात कोणी गेल्यासारखं बघत. ते त्याला सोसेना. एका संध्याकाळी गच्चीवर त्याने जाहीर केलं, की आपण महाबळेश्वरला जाणार, एकटे जाणार आणि मजेत राहणार.

एस.टी. स्टँडवरच ती मजा संपली. रांगेत पुढे हिरवा चुडा, मागे हिरवा चुडा, आणि मधे हा नव्या सुटकेसवर बसून नाक पुसतोय. बस लागली, जोडपी चढली, आणि हा शूरवीर उलट पावली फिरून बोरिवलीला जानकीमावशीकडे जाऊन धडकला. यात त्याची हुशारी होती. मुलुंडचा माणूस लग्नकार्याशिवाय वेस्टर्न लाइनकडे फिरकत नाही, तेव्हा पकडलं जायची भीती नव्हती.

सुरुवातीला तो मावशीच्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडून असे. दुःख खरं होतं, पण जेवणाची वेळ त्याने एकदाही चुकवली नाही. शेजारची क्षमा मावशीबरोबर वाल सोलायला यायची. तिला त्याने नीलाची कहाणी सांगितली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितली. परत सुरू केली तेव्हा तिने वालांचं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं. "हात चालू ठेव, मग बोल," ती म्हणाली. त्या दिवसापासून कहाणी आखूड होत गेली. पुढे दोघं गोराईच्या खाडीवर फिरायला गेली, आणि परतताना आपण नीलाचं नावच काढलं नाही हे लक्षात येऊन त्याला स्वतःचाच राग आला. एवढं मोठं दुःख, आणि ते वालांनी हरवलं.

महाबळेश्वरहून रिकाम्या हाताने येणं शक्यच नव्हतं. क्षमानेच त्याला बोरिवलीच्या बाजारातून चणे आणि वेताची काठी घेऊन दिली. मुलुंडात चणे घरोघर वाटले गेले, काठी तळमजल्यावरच्या नानांना मिळाली. धुकं, घोडे, सूर्यास्त नंदकुमारने इतके रंगवून सांगितले की त्याची त्यालाच थंडी वाजली.

पावसाळाभर तो रविवारी काहीतरी थाप मारून बोरिवली गाठत राहिला. शेवटी त्याने क्षमाला लग्नाचं विचारलं.

"मी महाबळेश्वर पाहिलेलं नाही, नि पाहिलं असं म्हणणारही नाही," ती म्हणाली. "कुठे भेटलो ते घरी खरं सांग, मग ये."

आता आली का पंचाईत. खरं सांगावं तर सोसायटीत पुन्हा हसं, न सांगावं तर क्षमा जाणार. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होतं, तेव्हा तो उभा राहिला आणि मान खाली घालून सगळं सांगून मोकळा झाला.

कोणीच हसलं नाही. आई दूध ढवळत राहिली. तो बोरिवलीला पोचला त्याच दिवशी मावशीचा खालच्या पेडणेकरांकडे फोन आला होता, सगळ्यांना तेव्हापासून ठाऊक होतं, असं आईने शांतपणे सांगितलं.

"मग मी धुक्याचं सांगत होतो तेव्हा?"

नाना काठीवर हनुवटी टेकून बसले होते. "ऐकत होतो," ते म्हणाले. "गेलास तेव्हा तुझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता रे. आलास तो बोलत आलास. मध्येच कशाला तोडायचं?"

नंदकुमारला भरून आलं. तेवढ्यात आईने दुधाचा पेला त्याच्या हातात दिला आणि क्षमाला कधी आणतोस म्हणून विचारलं.