तांदळात लिहिलेलं नाव

इंग्लंडात शिकायला गेले तेव्हा मला दोन नावं होती. एक भोकरच्या आईबापांनी ठेवलेलं, शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडं चढलेलं. दुसरं लग्नातलं. लातूरच्या सासऱ्यांनी ते निवडलं आणि नवऱ्यानं ताटभर तांदळात अंगठीनं लिहिलं. सासऱ्यांच्या वारलेल्या आईचं नाव होतं ते. मला मुळीच आवडलं नव्हतं, पण मांडवात नवरीला कोण विचारतं? घरात त्या नावाला ओ द्यायची. कागदोपत्री बदलायचं मात्र आज-उद्या करत टाळलं.

फीचा दुसरा हप्ता शुक्रवारपर्यंत भरायचा होता. चुकला तर विद्यापीठातून नाव कमी, आणि मग व्हिसाही गेला. सासऱ्यांनी भांड्यांच्या दुकानातून पैसे उभे करून लातूरच्या बँकेतून पाठवले. मंगळवारी मी इथल्या बँकेत गेले. काउंटरवरची बाई म्हणाली, रक्कम आली आहे, पण नाव जुळत नाही. पाठवणाऱ्या बँकेनं दुरुस्ती कळवली नाही तर परत जाईल. मी तिला ताट, तांदूळ, अंगठी, सगळं रामायण सांगितलं. ती फार गोड हसली आणि पासपोर्ट परत दिला.

तिथूनच सासऱ्यांना फोन लावला. एरवी उदगीर जिल्हा होणार की नाही, यावरच त्यांची गाडी घसरायची. त्या दिवशी मी बोलूच दिलं नाही.

"मामा, पैसे अडकलेत. नाव चुकलंय."

"नाव कसं चुकंल? मीच ठिवलंय की."

पासपोर्टवर ते नाव नाही, एवढं कसंबसं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या टँकर हाय पोरी. तुझ्या सासूला एकटीला भरनं व्हत न्हाई. परवा जातो बँकेत."

लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती, तो उन्हाळा. नवरा नोकरीला परगावी, घरी म्हातारी दोघंच; टँकर चुकला तर घरात काय होतं हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "उद्याच जा." सासऱ्यांना हुकूम सोडायची ती माझी पहिली वेळ. फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली, पण पुन्हा फोन करून शब्द मागं घेतला नाही.

बुधवारी फोन लागेना. दिवसभर खातं उघडून बघत बसले. स्वयंपाकही केला नाही. परत गेले तर भोकरात कोण कोण काय काय बोलेल, ते ऐकूच यायला लागलं होतं.

गुरुवारी सकाळी त्यांचाच फोन आला, लातूरच्या बँकेतून. "काल आलो तवर बँक बंद झालती. आता साहेब म्हनतेत, अर्जात सुनेचं पासपोर्टावरचं नाव लिवा. काय गं तुझं नाव? मला पुरतं ठावं न्हाई."

चार वर्षं मी त्यांची सून होते. एकेक अक्षर सांगितलं. ते मोठ्यानं म्हणत लिहीत होते, मध्येच थांबून पुन्हा विचारत होते.

शुक्रवारी दुपारी पैसे जमा झाले. फी भरली, पावती हातात आली, आणि लगेच घरी फोन केला.

"बरं झालं," सासरे म्हणाले. "त्या फारमावर आईच्या नावावर रेघ मारून सही करायला लावली साहेबानं. हात उचलंना. पर मारली."

मग त्यांनी मला हाक मारली, अर्जात लिहिलेल्या नावानं, अडखळत, आणि विचारलं, "जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. "हाव, जेवले" म्हणाले आणि रडायला लागले.