सायलीच्या नावाचा करंडक

माझ्या भाचीच्या नावाने वजन कमी करायची स्पर्धा ठेवलीय.

वजन कमी करता करता गेलेल्या मुलीच्या नावाने!

सायली. माझ्या भावाची मुलगी, डोंबिवलीची. आज वर्ष झालं.

कॉलेजला होती. हसरी, खादाड, माझ्यासारखीच कंबरेत रुंद. आमच्या घराण्याची बांधणीच ती.

मग त्यांच्या सोसायटीच्या गणपतीत फिटनेस चॅलेंज आलं. मनगटावर घड्याळ, मोबाइलवर अ‍ॅप आणि मंडपातल्या टीव्हीवर सगळ्यांचे नंबर. आरती संपली की लोक बाप्पाकडे पाठ करून ते बघत बसायचे.

अ‍ॅपने तिचा फोटो मागितला. पोट नि मांड्या लाल रंगवून परत दिला. खाली लिहिलेलं, ‘इथे मेहनत हवी.’

एवढ्याशा पोरीला! कोणी अधिकार दिला रे त्या यंत्राला?

सायली पहिली आली. टाळ्या, शाल, सेल्फी.

गणपती गेले, पण तिचं घड्याळ काही उतरलं नाही. जेवता जेवता उठून हॉलमध्ये फेऱ्या मारायची.

"बस गं, दोन घास खा," मी म्हणायचे.

"आत्या, तू मला परत जाडी करणार!"

हाडं दिसायला लागली तरी शेजारणींचं चालूच, "काय मस्त मेंटेन केलंयस!"

वहिनी डॉक्टरांकडे घेऊन गेली तोवर उशीर झालेला. हृदयच थकलं होतं तिचं.

आणि आता सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "कै. सायली स्मृती फिटनेस करंडक. तिची आठवण राहील हो, ताई."

डोकंच फिरलं माझं. काल माजिवड्याच्या माझ्या घरून निघाले ती थेट त्यांच्या मीटिंगमध्ये. करंडक टेबलावर तयार. नावसुद्धा कोरलेलं.

म्हटलं, "ती कशाने गेली, तेही खाली कोरा. मग द्या कोणाच्या पोरीला द्यायचा तो."

एक काका पुटपुटले, "चांगल्या मनाने करतोय हो आम्ही."

चुलीत घाला ते चांगलं मन!

तेव्हा मागे कोपऱ्यात बसलेला माझा भाऊ उठला. वर्षभर धड कोणाशी बोलला नव्हता तो. करंडक उचलून त्याने छातीशी धरला.

"माझ्या पोरीचं नाव मी घरी नेतोय."

आणि नेलं. कोणाची अडवायची हिंमत झाली नाही.

सायले, तू होतीस तशीच आम्हाला हवी होतीस गं.

शांत झोप, बाळा.